हर्पीसची कबुली

आता फजिती झालीच आहे, तर तुमच्यापासून काय लपवू? फक्त हसताना चहा सांडू नका म्हणजे झालं.

मी अहमदपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हो, विज्ञानच. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

मार्च महिना होता. परीक्षेची धावपळ, डोक्यावर ऊन, जागरणं. एके दिवशी ओठाच्या डाव्या कोपऱ्यात मुंग्या आल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर फोडांचा घोस! तसं मला हे दोन-चार वर्षांनी एकदा होतंच. आमच्याकडं याला 'ताप फुटला' म्हणतात. आठ दिवसांत खपली धरते अन् जातं. पण या वेळचा घोस असा टपोरा, की वर्गातली पोरं फळ्याकडं कमी अन् माझ्या ओठाकडं जास्त बघून राहिली. म्हणून गेलो डॉक्टरीणबाईंकडं.

बाहेर ही गर्दी. बाईंनी एक नजर टाकली, चिठ्ठी खरडली. "पाच दिवस गोळ्या घ्या, वरून मलम लावा, ताण घेऊ नका." झालं!

मेडिकलवर उभं राहून चिठ्ठी वाचली. वर दोन शब्द. पहिला वाचता आला, 'हर्पीस'. दुसरा मुंगी शाईत बुडवून सोडल्यासारखा. शहाण्या माणसानं काय केलं असतं? मागं फिरून विचारलं असतं. मी काय केलं? मोबाइल काढला.

काय सांगू तुम्हाला! पहिलीच ओळ: 'शरीरसंबंधातून पसरणारा आजार.' दुसरी ओळ: 'एकदा शिरला की शरीरात कायम राहतो.' तिसरी ओळ वाचायला मी शुद्धीवर कुठं होतो? म्हणजे हा नेहमीचा 'ताप' नव्हेच, असं मी ठरवूनच टाकलं.

अहो, मी! ज्यानं सोळा वर्षांच्या संसारात परक्या बाईला पत्ता विचारतानासुद्धा मान खाली घातली, तो मी! माझ्यात हा शिरला कुठून? घरी येईपर्यंत सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून गेलं. एकाच ठिकाणी अडकलं. ते कोणतं, ते सांगतो पुढं.

घरी मीरा, माझी बायको, चहा घेऊन आली.

"काय म्हणल्या डॉक्टर?"

"काही न्हाई. उष्णता."

अन् तिथून सुरू झालं. मी माझा पेला वेगळा केला. ताट वेगळं. टॉवेल वेगळा. अंथरूण बैठकीत. मीरा जवळ आली की मी दोन पावलं मागं. एकदा तर मागं सरकता सरकता दुरडीतल्या कांद्यांवर बसलो.

आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली, "मम्मी, पप्पांना कोरोना झालाय का?"

मीरानं एक दिवस हे चालू दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुझं काही न्हाई. सगळं माझंच हाय," मी म्हणालो. अन् आवाज असा काढला, की कुणालाही वाटावं या माणसाचं बाहेर बिऱ्हाड आहे.

तिनं काय करावं? माहेरी फोन लावला.

रविवारी सकाळी दारात मामा! मामा म्हणजे माझे सासरे. किल्लारीहून जीप, मग दोन एसट्या बदलून आले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"जावईबापू, पोरगी रडून राहिली. काय भानगड हाय ती आत्ताच्या आत्ता सांगा."

मीरा दाराला टेकून उभी. डोळे सुजलेले. ते डोळे बघितले अन् माझा धीर सुटला. लेकीला शेजारी पाठवलं अन् हात जोडले.

"मामा, मला हर्पीस झालाय. लई वाईट आजार हाय. पण शपथेवर सांगतो, मी बाहेर कुठं गेलो न्हाई! आयुष्यात एकदाच... नांदेडला बीएस्सीला होतो तवा... वर्गातली एक मुलगी... आम्ही विष्णुपुरीचं धरण बघायला गेलो होतो... अन् एकाच कुल्फीला दोघांनी तोंड लावलं. तेवढंच! तिथूनच आला असणार!"



मामा उठले. माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडं फिरवलं, चष्मा वर करून बघितलं.

"हे?"

"हाव."

"अहो, हा तर ताप फुटलाय! मला बी येतो. दर उन्हाळ्यात येतो. या मीराला बी लहानपणापासून येतो!"

मी मीराकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती, पण तिच्या डोळ्यांत आजाराचं काही नव्हतं.

"कोण होती ती?" तिनं विचारलं.

मामांनी मात्र प्रकरण तडीस न्यायचं ठरवलं. सोमवारी आम्ही तिघंही दवाखान्यात. मी सगळं सांगितलं. कुल्फी सोडून. ती मीरानं सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी ओठ घट्ट मिटून धरले होते. मग म्हणाल्या, "सर, शाळेत काय शिकवता तुम्ही?"

"इतिहास," मी म्हणालो.

"विज्ञान शिकवतात!" मामा म्हणाले.

बाईंनी मग नीट समजावलं. चिठ्ठीवरचा तो दुसरा शब्द 'ओठांचा' असा होता. ओठावरचा हा हर्पीस बहुतेकांना लहानपणीच लागतो, कुण्या मावशी-काकानं पापी घेतली की झालं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अन् दुसऱ्या जातीचा, शरीरसंबंधातून येणारा असता, तरी तो आजारच, गुन्हा नव्हे. हा अंगात झोपून राहतो. ऊन, ताप, जागरण झालं की उठतो. मुंग्या आल्या की लगेच औषध सुरू करायचं, फोड खाजवायचा नाही, हात धुवायचे. खपली पडेपर्यंत उष्टं द्यायचं नाही, अन् तान्ह्या लेकराची पापी तर मुळीच घ्यायची नाही.

"म्हंजे मुक्कामी पाव्हणा हाय," मामा म्हणाले. "जात न्हाई, फकस्त मधून मधून उठून बसतो."

मामा खुशीत किल्लारीला गेले. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी मीरा भाजी निवडता निवडता म्हणाली, "सोळा वर्षं झाली लग्नाला. मला कधी न्हेलं का धरणावर?"

पुढच्या रविवारी गाडी काढली अन् गेलो विष्णुपुरीला. पाणी बघितलं, वारा खाल्ला. मीरा हसून बोलायला लागली. मीही खुलून दोन कुल्फ्या घेतल्या. एक तिच्या हातात दिली, दुसरी तोंडाजवळ नेली, अन् काय वाटलं कुणास ठाऊक, जरा लाडात येऊन म्हणालो, "एकाच कुल्फीला दोघं तोंड लावू का?"

तिनं माझ्या ओठाकडं निरखून बघितलं.

"खपली हाय अजून," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? उष्टं बंद!"

"बरं, मग मी माझी माझी खातो."

"अन् थंडीनं खपली उकलली तर?" असं म्हणून तिनं माझ्या हातातली कुल्फी काढून घेतली. आणि मग, दोन्ही हातांत एकेक कुल्फी धरून, आलटून पालटून, अगदी सावकाश खात, तिनं मला विचारलं, "हं, आता सांगा. नाव काय होतं तिचं?"