काही सांगायचे नाही

अकोल्याच्या कोर्टात मी कारकून होतो, तेव्हाची ही गोष्ट घरातही कधी बोललो नाही. आरोपी विशीतला होता. मारहाणीत दोनदा सजा भोगलेला, आणि या वेळी त्यानं जुन्या शहरातल्या एका भाजीवाल्याचं डोकं काठीनं फोडलं होतं. पिंजऱ्यात उभा राहून तो सदऱ्याचं तुटकं बटण सारखं लावू पाहायचा.

न्यायाधीश साहेब नुकतेच पुण्याकडून बदलून आले होते. शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं.

तो मान खाली घालून भरभर बोलला, "मारलं मी, नाई म्हनत नाई. पन रगत पाह्यलं अन् मीच त्याले खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं. डाक्टरले इचारा."

"काय म्हणतो?" बोली न उमगून साहेबांनी मला विचारलं.

"काही विशेष नाही साहेब. गुन्हा कबूल आहे."

अशा गुंडांच्या जबाबात 'काही सांगायचे नाही' असं लिहायची मला सवयच होती. तेच लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

"तुमी लिवलं, मंग बराबरच असन, बाबूजी," तो म्हणाला. अंगठा उठवला आणि शाई केसांना पुसली.

तीन वर्षांची सजा झाली त्याला. आठ दिवसांनी मी दवाखान्यात जाऊन विचारलं.

"हो, त्यानंच आणलं होतं," डॉक्टर म्हणाले. "अर्धा तास उशीर झाला असता तर माणूस गेला असता."

ते ऐकूनही मी साहेबांकडे गेलो नाही. त्या कागदावर अक्षर माझं होतं.