बिबट्याला किती जीबी लागतात?

बिबट्याला चौसष्ट जीबी पुरतात, असं माझं ठाम मत होतं. मी कॉम्प्युटर शिकते, त्यामुळे या विषयावर आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. (बाकीच्या विषयांवर मला मत असतं, हेच कुणाला माहीत नाही. मी फार बोलत नाही.)

झालं असं, की आमच्या विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिच्या स्लॅबवर आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बिबट्या दिसला. आंबेगाव तालुक्यात उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला बिबट्या दिसला, यात नवल काहीच नाही. नवल हे, की गावात कुणी विश्वासच ठेवेना! डेअरीवर पांडूतात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, चष्मा बदला राव. कुत्रं व्हतं ते!"

आई रोज सकाळी त्याच खोलीमागे गुरांसाठी घास कापायला जाते. पिंजरा मागायला वनखात्याकडे जायचं, तर सोबत गावातली चार माणसं हवीत, आणि ती चारही माणसं डेअरीवर पोट धरून हसत होती. आप्पा घरी आले ते चप्पल न काढताच म्हणाले, "पुरावा पायजे. चल मंचरला. चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घिऊ."

दुकानदारानं विचारलं, "चौसष्ट जीबी, एकशे अठ्ठावीस का दोनशे छप्पन?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानदारानं पाहिलं. कव्हर बघायला आलेल्या दोन बायकांनीसुद्धा पाहिलं. अनोळखी माणसं बघायला लागली की माझा मेंदू हँग होतो. मी जमिनीकडे बघत पुटपुटले, "एकच तर बिबट्या आहे. चौसष्ट बास."

"ताई, त्यातली बरीच जागा फोनच खातो. आणि घरात माणसं किती?"

हा प्रश्न किती खोल होता, हे मला तेव्हा कळलं नाही!

"पोरगी कॉम्प्युटर शिकतीया," आप्पा छाती काढून म्हणाले. "चौसष्टच द्या."

फोन घरी आला. बिबट्या येईना. पण घरची माणसं आली!

आधी आई. आमच्याकडे आहेरात आलेली साडी पुढच्या लग्नात दुसऱ्याला जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फक्त ती फिरून ज्याची त्याला जाऊ नये! म्हणून आईनं साड्यांचे फोटो काढले. प्रत्येक साडीचे काठ, पदर, आणि ज्या बाईनं दिली ती बाई. (बाई हलली, तर पुन्हा काठापासून.) शिवाय टिकली सरळ लागली का, हे ती आरशाऐवजी फोनच्या कॅमेऱ्यातच बघायला लागली.

मग नाना, माझे चुलते. त्यांचा जीव बैलगाडा शर्यतीत. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा पळतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण नाना बैल टेम्पोतून उतरल्यापासून शूटिंग करतात. बैल पाणी पितो. बैल उभा आहे. बैल अजून उभा आहे. मी एकदा धीर करून म्हटलं, "नाना, यातलं थोडं कमी केलं तर?"

"कमी? आगं, त्याची उभं ऱ्हायाची ऐट तर बघ!"

आणि मग एका संध्याकाळी, ऊन अजून उसाच्या तुऱ्यांवर असताना, नाना गच्चीवरून दबक्या आवाजात ओरडले, "आला! आला!"

आम्ही सगळे गच्चीवर धावलो. समोर मोटारीच्या खोलीवर तो बसला होता. खरोखरचा! पुढचे पाय ऐटीत पसरून, शेपटी स्लॅबवरून खाली सोडून.

"काढ फोटू!" आप्पांनी फोन माझ्या हातात कोंबला.

मी कॅमेरा उघडला. फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

"काहीतरी डिलीट करावं लागेल," मी कुजबुजले. "बैल उडवू?"

"खबरदार!" नानांचा कुजबुजता आवाज पार चिरकला. "फायनलची बारी हाय ती!"

"मग साड्या?"

"आन् मंगलवन्संची मोरपिशी त्यांनाच परत गेली म्हंजी?" आई म्हणाली. "जल्मात तोंड दाखवायची न्हाई मी!"

"आगं, बिबट्या बसलाय तिथं!" आप्पा कळवळले.

"बसू दे की! त्याला कुठं लग्नाला जायचंय?"

बिबट्या पंजा चाटत आमची मीटिंग संपायची वाट बघत होता. शेवटी आप्पा म्हणाले, "माझं काय आसंल ते समदं उडव, पर त्याला घे!"

आप्पांचा फोनमध्ये एकच व्हिडिओ होता. चुकून बटण दाबलं जाऊन खिशातल्या खिशात झालेला. पूर्ण काळोख, वर ट्रॅक्टरचा आवाज, आणि लांबी अख्ख्या पिक्चरएवढी! मी तो उडवला. तरी जागा होईना. उडवलेलं आधी कचऱ्याच्या डब्यात जातं आणि डबा वेगळा रिकामा करावा लागतो, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. गच्चीवर ते आठवायला मला बराच वेळ लागला.

अखेर कॅमेरा उघडला. मी फोन समोर धरला, आणि त्याच क्षणी बिबट्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आजवर माझ्याकडे कुणीही पाहिलं की मी नजर खाली घालते. तेव्हा घालता आली नाही. ते डोळे मधासारखे, शांत होते. त्यात राग नव्हता, भीती नव्हती, घाईसुद्धा नव्हती. अंगावरचे ठिपके श्वासाबरोबर हलत होते. हा आमच्या शेतात आलेला नाही, आम्हीच याच्या शेतात घर बांधून राहतोय, असं वाटलं. आई, नाना, आप्पा, सगळे गप्प झाले. आमच्या घरात असं कधी होत नाही! माझा अंगठा आपोआप दाबला गेला. मग तो उठला, आळस दिला, आणि उसात असा उतरला की पानसुद्धा वाजलं नाही.

"आला का फोटू?"

आला होता. माझा!

कॅमेऱ्यात शेवटचं आईनं टिकली बघितली होती, त्यामुळे तो उलट्या, सेल्फीच्या बाजूचा होता. फोटोभर फक्त मी. डोळे बटाट्याएवढे, जबडा छातीवर, केस उभे. आप्पांनी फोन खिशात घातला आणि जिना उतरून गेले. ते ओरडले असते तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोन घेऊन डेअरीवर निघाले. मी दारापर्यंत मागे गेले. "आप्पा, प्लीज, नका ना दाखवू!"

"मग काय दाखवू? कुत्रं?"

पुढचं मला नानांनी सांगितलं. पांडूतात्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"ही तुमची कॉलेजातली पोर? सख्ख्या भावाच्या लग्नात सुदीक हसली नव्हती ती!"

"तीच."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मग बिबट्याच व्हता. कुत्र्याला बघून कुणाचं आसं व्हत न्हाई."

दुपारी चौघांच्या जागी सात माणसं वनखात्याकडे गेली. पिंजरा आला. (पहिल्याच दिवशी त्यात तात्यांचं कुत्रं सापडलं. आप्पा त्याला बघायला मुद्दाम चष्मा पुसून गेले!) बिबट्या अजून सापडलेला नाही, पण आता आई एकटी घासाला जात नाही. तात्या स्वतः काठी घेऊन बांधावर उभे राहतात.

परवा फोन पुन्हा भरला. मी म्हटलं, बैल असतील, साड्या असतील. उघडून पाहिलं, तर गावच्या ग्रुपवरून, भावकीच्या, डेअरीच्या, आईच्या बचत गटाच्या, पार जुन्नरच्या मामांच्या ग्रुपवरून फिरून फिरून परत आलेलं माझंच तोंड!

"यातलं कायबी उडवायचं न्हाई," आप्पांनी बजावलं. "पुरावा हाय तो."

उद्या आम्ही मंचरला जातोय. बिबट्याला चौसष्ट जीबी पुरतात, हे माझं मत अजूनही कायम आहे. माझ्या तोंडाला मात्र दोनशे छप्पन लागतात!