भाऊसाहेब तांब्यांचं 'मागीलप्रमाणे'

सरकारी कचेरीत फायली साठतात त्याच्या दुप्पट किस्से साठतात. फायलींना निदान वाळवी लागते, किस्से मात्र वर्षागणिक धष्टपुष्ट होतात. रत्नागिरीच्या आमच्या कचेरीतले बहुतेक किस्से एकाच माणसाच्या कृपेने जन्माला आले. ते म्हणजे आमचे हेडक्लार्क, भाऊसाहेब तांबे.

भाऊसाहेबांचा एक सिद्धांत होता. जगात नवीन असं काही घडतच नाही. कुठलाही कागद समोर आला की ते चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "मागच्या वेळी काय केलं होतं?" मग त्यातल्या त्यात जवळची जुनी केस शोधायची, नावं बदलायची, वर 'मागीलप्रमाणे' लिहायचं आणि साहेबांपुढे सहीला न्यायचं. साहेब तो एकच शब्द वाचत. त्याखाली काय लिहिलंय ते वाचायचा मागचा दाखला नव्हता.

*

हेदवीच्या विश्रामगृहावर माकडं आली. कौलं फोडायला लागली. तिथल्या रखवालदाराने कळवलं, काहीतरी बंदोबस्त करा.

माकडांचा दाखला नव्हता, पण भटक्या कुत्र्यांचा होता. तेव्हा कुत्र्यांसाठी आमच्या कचेरीच्या आवाराला लोखंडी फाटक बसवलं होतं आणि कुत्रे बंद झाले होते. झालं! मागीलप्रमाणे माकडांसाठीही फाटक मंजूर झालं, चांगलं उंच, हिरव्या रंगाचं.

पुढच्या महिन्यात रखवालदाराचा निरोप आला. फाटक उत्तम आहे, माकडांना बसायला फार आवडलंय.

*

कचेरीच्या कुंपणाला लागून शेजारच्या नानांचा फणस होता. फांद्या आमच्या छपरावर आलेल्या. एक फणस पडला आणि साहेबांच्या टेबलावर कौलाचे तुकडे आले. साहेब भडकले, नोटीस काढा म्हणाले.

पूर्वी कोणाचा तरी बैल आवारात घुसायचा, त्याची नोटीस सापडली. भाऊसाहेबांनी बैल खोडून फणस लिहिलं. आमच्या टायपिस्ट शैलाताईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं: 'सदर फणस सात दिवसांचे आत हलवावा.'

नाना बेरकी. आठव्या दिवशी त्यांचं उत्तर हजर. 'आदेशाप्रमाणे फणस हलवला. चांगले दोन पडले. जात कापा. पैकी एक साहेबांसाठी पाठवत आहे.'

साहेबांनी गरे खाल्ले आणि प्रकरण निकाली काढलं.

*

आता शैलाताईंचं सांगतो, कारण पुढे तेच आहे. शैला जाधव मूळच्या गुहागरच्या. घरी आई एकटी, आणि तिची नजर पार गेलेली. शनिवारी दुपारी ताई एसटीने निघायच्या, चिपळूणवरून वळसा घालून रात्री घरी पोचायच्या, रविवारी आईचं आठवड्याचं निवडून-टिपून ठेवून परत. एकदा चुलीपाशी आईच्या पदराने पेट घेतला. शेजारीण धावली म्हणून निभावलं. तेव्हापासून सोमवारी ताई कामावर आल्या की त्यांच्याकडे बघवत नसे.

त्यांनी गुहागरच्या उपकचेरीत बदली मागितली. पण मुदत पुरी झाली नव्हती. भाऊसाहेबांनी जुन्या बदल्या उलटसुलट चाळल्या आणि मान हलवली. "आईसाठी मुदतीआधी बदली? तसा दाखला नाही गो."

ताईंनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच उत्तर. भाऊसाहेब दुष्ट होते असं नाही. दुष्ट असायलाही स्वतःचं डोकं चालवावं लागतं.

*

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा कचेरीत कॉम्प्युटर आला. तो ठेवायचा कसा, याचा दाखला टाइपरायटरचा निघाला. त्यामुळे त्याला रेक्झिनचं कव्हर शिवलं आणि शिपाई बाबूने पहिल्याच आठवड्यात कीबोर्डात शिवणयंत्राचं तेल सोडलं. "कोणी घातलंन् तेल?" म्हणून भाऊसाहेब ओरडले. बाबू शांतपणे म्हणाला, "मागीलप्रमाणे."

दुरुस्तीला मुंबईहून एक तज्ज्ञ आला. हुशार मुलगा. त्याने समजावलं की आता असे प्रोग्राम निघतायत, जे जुन्या केसेस लक्षात ठेवतात, नवी अडचण आली की सारखी केस शोधतात आणि तिचं उत्तर नव्या अडचणीला बेतून देतात. आम्ही सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांची छाती फुगली होती.

"आणि दोन केसेसमधला फरक कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

"तेच तर अजून नीट जमत नाही," तज्ज्ञ म्हणाला.

"मग बरोबर चाललंय तुमचं."

नमुना म्हणून तज्ज्ञाने तसा एक प्रोग्राम चालवून आमच्या जुन्या बदल्या यंत्रात भरल्या आणि शैलाताईंचा अर्ज घातला. ताई खुर्चीमागे पदर मुठीत धरून उभ्या. यंत्र बराच वेळ घुमलं आणि पडद्यावर आलं: जुळणारी केस नाही. एवढा खर्च करून सरकारने दुसरे भाऊसाहेब आणले होते.

*

त्याच दिवशी संध्याकाळी ताईंनी टाइपरायटरवर कव्हर घातलं आणि सरळ भाऊसाहेबांच्या टेबलाशी गेल्या. विचारलं, इथून गुहागरला मुदतीआधी आजवर कोणीच गेलं नाही का?

भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक गेलंय. लोखंडी कपाट."

हे आम्हाला सगळ्यांना आठवत होतं. 'येथील खाऱ्या हवेत गंजते' या कारणाखाली ते कपाट गुहागरला धाडलं होतं. गुहागरला जणू समुद्रच नाही! वर किल्ली इथेच विसरली आणि तिकडून किल्लीसाठी पत्र आलं होतं.

"मग मला कपाट समजा," ताई म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. ताईंचे डोळे भरले होते. भाऊसाहेबांनी कपाटाचा कागद काढून समोर ठेवला.

दुसऱ्या दिवशी आदेश साहेबांपुढे गेला. वर 'मागीलप्रमाणे' होतं, साहेबांनी सही ठोकली. खाली होतं: 'सदर टंकलेखिका येथील खाऱ्या हवेत गंजत असल्याने गुहागर उपकचेरीकडे वर्ग करण्यात येत आहे. वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून गोणपाटात गुंडाळावी.'

ताई गेल्या, बिनगोणपाटाच्या. चार दिवसांनी गुहागरहून पोच आली. तिकडच्या हेडक्लार्कनेही जुनी फाइल काढली असणार. 'टंकलेखिका सुस्थितीत मिळाली. ओरखडा नाही. मात्र सोबत किल्ली आलेली नाही, ती त्वरित पाठवावी.'

मी मागच्या वेळचं उत्तर शोधायला उठलो. भाऊसाहेबांनी हातानेच मला बसवलं. पेन उघडलं आणि कुठलाही जुना कागद न बघता उत्तर लिहिलं.

'किल्ली तिच्या आईकडे आहे.'