आबांची पाचर

१७ जानेवारी १९९६, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. दाराबाहेर कोणीतरी तीनदा खोकले, मी पदर सावरला, आणि माझे सासरे हातोडी घेऊन खोलीत आले. "पलंग लई कुरकुरतोय म्हणं," ते भिंतीला म्हणाले. लग्नाला दोन वर्षे झाली होती, आणि आबांनी मला उद्देशून एकही वाक्य उच्चारले नव्हते. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचे नाही, ही निमगाव केतकीतल्या आमच्या घराची रीत. आबा आज नाहीत. पण त्यांच्याइतके माझ्याशी कोणी बोलले असेल, असे मला वाटत नाही.

मला सातवा महिना होता आणि रक्तदाब वाढलेला होता. आधीचे मूल पाचव्या महिन्यातच गेले होते. पलंग सोडायचा नाही, एसटीचे नाव काढायचे नाही, असे बारामतीच्या डॉक्टरांनी बजावल्यामुळे माहेरी जाणेही राहिले. नवरा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. गळीत हंगाम भरात असल्याने फक्त रविवारी घरी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाची स्वप्ने पाहणाऱ्या मला त्या खोलीत एकच काम उरले होते, ते म्हणजे भिणे, आणि ते कोणाला दिसू न देणे.

आबांचे तारुण्य मेंढरांमागे गेले होते. पुढे कळप मोडून त्यांनी शेती धरली, पण कान मेंढपाळाचेच राहिले. ओट्यावर चातीवर लोकर कातत बसले, तरी घरातला आवाज न् आवाज ते टिपत. "आजारी मेंढी वरडत न्हाय, नुसती ऊठबस करती," हे त्यांचे आवडते वाक्य.

मी पलंगाचा एकेक सांधा दाबून दोष शोधला. उशाकडच्या उजव्या पायात पट्टी जिथे बसते, ते भोक झिजून सैल झाले होते. आबांनी बाभळीची पाचर तासून तिथे ठोकली आणि कुरकुर थांबली. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, "बघू, बसली का न्हाय," म्हणत वाकले, आणि जाताना पाचर बंडीच्या खिशात टाकून घेऊन गेले. पलंग पूर्ववत वाजू लागला.

"एवढ्या ठोकाठोकीत नवा पलंग झाला असता!" ओट्यावर सासूबाई कडाडल्या.

"लाकूड जुनं हाय. दमानं घ्यावं लागतं."

मग आत येऊन सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ह्यो पलंग गप झाला तर तुझी खबर त्यांना कुठनं कळायची? दोन दिवस भाकर उतरली न्हाय घशाखाली. सारखं आपलं, आत जाऊन ये, आत जाऊन ये!"

त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी खोकला, मग हातोडी. "काल लई वाजला. झोप न्हाय लागली वाटतं," आबा पलंगाच्या पायाला म्हणत. "पाठ भरून आली होती," मी खिडकीला सांगे. "म्हातारीला सांगतो, शेक द्याया." आबा फिरकले नाहीत, तर मीच कोपराने पट्टी हलवत असे.

फेब्रुवारीत, सासूबाई आठवड्याच्या बाजाराला गेलेल्या असताना माझे डोके ठणकू लागले आणि डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचू लागले. उद्या नर्सबाई रक्तदाब मोजायला येणारच आहेत. मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, असा युक्तिवाद करत मी कूस बदलत राहिले. एवढ्यात दार उघडले. खोकला आला नव्हता.

"पोरी, काय होतंय?" आबा सरळ माझ्याकडे पाहत होते.

"डोकं फुटतंय. डोळ्यांपुढं ठिपके येतायत."

"मग गप का ऱ्हायलीस?" उत्तराला न थांबता ते अनवाणीच धावले आणि शेजाऱ्यांची जीप घेऊन आले.

शेजारणीने माझे डोके मांडीवर घेतले. आबा पुढच्या सीटवरून, मागे न वळता, बारामतीपर्यंत एकच विचारत राहिले. "हालतंय का?"

"हालतंय."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. एकदा मी काहीच बोलले नाही, कारण मला खात्री नव्हती. आबांनी जीप चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दामट," एवढेच म्हणाले.

त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली. वजन एक किलो सहाशे. काचेतून तिला पाहून आबा सासूबाईंना म्हणाले, "कोकरू ह्याच्याहून जड असतं." मग जरा थांबून, "पर तसलीबी जगवल्यात आपण."

मला उद्देशून ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. मुलीला दोन किलो भरल्याशिवाय डॉक्टर घरी सोडणार नव्हते, आणि सुरुवातीला तर वजन घटतच गेले. आबा रोज एसटीने येत, दाराशी पाठमोरे उभे राहत. "म्हातारे, इच्यार तिला, आज किती?" मी लगेच आकडा सांगे. तो उतरलेला असला की पाठ तशीच राही, परतीची गाडी चुकेपर्यंत.

मार्चमधल्या एका सकाळी नर्सने मुलीला काट्यावर ठेवले. ती पाय झाडत होती, त्यामुळे काटा थरथरत राहिला. दारातून प्रश्न आला नाही. विचारायला सांगण्याइतकाही धीर आबांना उरला नसावा. मी काटा थांबू दिला, दोनदा वाचला, आणि दारापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाले, "दोन किलो चाळीस ग्रॅम."