गॅस नावाचं निदान

शकुंतलाताई गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या फाटकाशी ॲम्ब्युलन्सची वाट पाहत उभी होते. वर आले तर कॉटभोवती पडदा ओढलेला… ती माझी थोरली बहीण. सुरतेच्या मराठी शाळेत तिनं आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. दीड महिना होत आला, माझा राग उतरलेला नाही.

त्या दुपारी सुरतेच्या पर्वत पाटिया भागातल्या घरी तिची छाती आवळून आली, डावा हात जड झाला. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तरुण डॉक्टरनं नाडी पाहिली. ताईनं त्याला गुजरातीत सगळं नीट सांगितलं. "मासी, गॅस छे," म्हणत त्यानं गोळी दिली आणि बाहेर बाकावर बसवलं. मी कार्डिओग्रामचं पुन्हापुन्हा विचारलं. "थोडा पेशन्स रखिए," नर्स म्हणाली.

घामानं भिजली तरी ताई मास्तरीणच. खानदेशातून आलेल्या कामगारांच्या पोरांना ती इंग्रजी शब्द मुळापासून उकलून द्यायची. शब्द कुठून आला ते कळलं की त्याची भीती जाते, म्हणायची. मला हळूच म्हणाली, "गॅस हा शब्द ग्रीक 'केऑस'वरून आला. केऑस म्हणजे गोंधळ. आत काय चाललंय ते यांना कळत नाही, म्हणून गॅस." मग दम घेऊन, "पेशंट आणि पेशन्स एकाच घरातले. मूळ अर्थ सोसणं."

मला हसू आलं नाही.

एरवी पुस्तकी मराठी बोलणारी ताई घाबरली की अहिराणीवर यायची. तिनं माझा हात घट्ट धरला. "हाऊ गॅस नही शे, बाई." मी डॉक्टरच्या खोलीत घुसले, आवाज चढवला, तेव्हा कुठे कॉट मिळाली, छातीला वायरी लागल्या. कार्डिओग्राम पाहून डॉक्टरचा चेहरा उतरला. मोठ्या हॉस्पिटलात हलवू म्हणाला… तोवर उशीर झाला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर मी त्याला गाठलं. "पेशंटनी आरडाओरडा केला नाही," तो म्हणाला.

"सांगितलं होतं ना तिनं? तुमच्याच भाषेत सांगितलं होतं."

मी तक्रार दिली आहे. अजून कुणी बोलावलेलं नाही.

ताईच्या टेबलावर तिचा जाड शब्दकोश उघडाच आहे, पानावर चष्मा. भावोजी तो कुणाला हलवू देत नाहीत. भेटायला येणारे तिथेच बसतात आणि म्हणतात, शांतपणे गेली हो. मी त्यांना तिथेच थांबवते. शांतपणे नाही गेली. ती सांगत होती.