तात्याबांची मोजणी

तात्याबा कामाला लागले त्याच आठवड्यात मी त्यांच्यावर ओरडले होते. होर्डिंगचा फोटो काढून आणा म्हटलं, तर हे बाबा समोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून हात हलवत परत आले. "फोटूत फलक दिसतोय ताई, बघणारं मानूस कुठं दिसतंय?" म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

मूळचे आटपाडीकडचे, धनगर. पन्नाशीपर्यंत मेंढरं राखली, मग कळप पुतण्याच्या हवाली करून सांगलीला लेकीकडे आले. विश्रामबागेत माझी छोटी जाहिरात एजन्सी आहे, तिथं ते साइट बघतात. फ्लेक्स फाटला का, रात्री दिवे लागतात का, समोर झाड वाढलंय का.

नव्या गिऱ्हाइकाला दर समजावताना माझं डोकं फिरतं. भाडं महिन्याचं, छपाई आणि चढवणावळ वेगळी, एवढं कळतं लोकांना. पण रीच म्हणजे वेगवेगळी माणसं किती आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे तेच माणूस किती वेळा, इथं आले की त्यांचे डोळे पांढरे होतात. तात्याबा दोन वाक्यांत उरकतात. धनगर शेतकऱ्याच्या रानात खतासाठी रात्री कळप बसवतो, मेंढरं मोजून रात्रीचा दर ठरतो, हे आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं. "शंभर मेंढरं एक रात बसली, ती रीच. धा मेंढरं धा रात्री बसली, ती फ्रिक्वेन्सी. लेंड्या तेवढ्याच पडत्यात, पर रान येगळं खततं." गिऱ्हाईक लगेच मान डोलावतं.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीपासून लांब, पुणे-बेंगळूर हायवेवरचं माझं उंब्रजचं होर्डिंग चार महिने रिकामं होतं. जागामालकाचं भाडं चालूच. तशात सोनम आली. विश्रामबागेतच गुडघे-कंबरदुखीचं क्लिनिक काढलेली पोरगी, फिजिओथेरपिस्ट. जाहिरातीला एकदाच खर्च करता येईल एवढेच पैसे तिच्याजवळ होते. ते वाया गेले तर क्लिनिक बंद, हे तिनं स्वतःच सांगितलं. आणि मी? मी तिला उंब्रजचा फोटो दाखवला. रोज एक लाख नजरा, म्हटलं. सहा महिन्यांचा करार ठरला, शुक्रवारी चार वाजता सही.

कागदाला जोडायला मी तात्याबांना मोजणीला पाठवलं. शुक्रवारी दुपारी ते वही घेऊन आले.

"लाख न्हाईत. फलकाचं त्वांड पुन्याकडं हाय, म्हंजे कोल्हापूरकडं जाणाऱ्यांनाच दिसतोय. निम्मं तितंच गेलं. ट्रकवालं बेंगळूरला चालल्यात, त्यांची कंबर हितं कोन चोळणार? एमएच दहाच्या गाड्या तेवढ्या मोजल्या. दिसाला चारशे."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं सांगलीच्या गाड्या वेगळ्या मोजायला? लाख लिहा आणि सही करा खाली."

"न्हाई जमायचं."

माझा पारा चढला. पगार कोण देतं, होर्डिंगचं भाडं काय तुमचा पुतण्या भरणार आहे का, सगळं बोलून घेतलं. तात्याबा स्टूल ओढून बसले.

"खानापूरकडं बनुबाई म्हनून एक इधवा बाई हुती. तिच्या रानात मी सात रात्री कळप बसवला. मोठी मेंढरं दोनशे, पर कोकरं धरून तीनशे सांगितली आन् तीनशेचं पैसं घेतलं. कोकराचं खत ते किती? तिची ज्वारी निम्म्या रानात पिवळी पडली. म्होरल्या साली मी सात रात्री फुकट बसवाया गेलो. तिनं व्हय म्हटलं, जेवाय वाढलं. पर आधी काट्याच्या कुपाटीच्या तोंडाशी काठी घिऊन हुबी राहिली आन् येकेक मेंढरू मोजून आत घेतलं. मी बाजूला हुबा. तिनं वंगाळ शबुद काडला न्हाई, ताई. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं."

चार वाजायला पाच मिनिटं होती. माझ्या डोळ्यांपुढं उंब्रजचं भाडं नाचत होतं आणि या म्हाताऱ्याचा मला खरंच राग आला होता.

सोनम आली, पर्समधून पेन काढलं. मी कराराचा कागद उलटा केला आणि तात्याबांची वही तिच्यापुढं सरकवली. चारशेचा हिशोब सांगितला. तुझे पेशंट सांगलीतलेच असणार, इथल्या बारा रिक्षांच्या पाठीवर तीन महिने जाहिरात लाव, निम्म्याहून कमी पैशात होईल, असंही सांगितलं.

तिनं वही पूर्ण वाचली. मग माझ्याकडं बघितलं.

"मग मला उंब्रज का दाखवलंत?"

तात्याबा पटकन उठून पाणी आणायला गेले. मला एकटीला सोडलं बेट्यानं.

"रिकामं पडलं होतं म्हणून," मी म्हटलं.

तिच्याकडं बघवेना मला. तिनं पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "रिक्षांचे मार्ग कोणते, ते त्या काकांना सांगू देत. तुम्ही नको."

तात्याबांनी मार्ग सांगितले, तिनं पैसे भरले. उंब्रजचा सांगाडा दिवाळीपर्यंत उघडा राहिला. दर महिन्याला त्याचं भाडं भरताना जीव जळायचा, खोटं कशाला बोलू? पण सोनम अजून माझ्या दारावरून जाते, हसते, आणि काही विचारायचं असलं की तात्याबांनाच विचारते.