तांदळाच्या ताटातला पुरावा

ती चौकशी आठवली की आजही मला हसू येतं. पोलीस खात्यात आनंदानं बंद केलेल्या फायली फार नसतात. ही त्यातली एक.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. त्यात एक निनावी अर्ज निघाला. नागपुरातल्या एका संस्थेत रोगप्रतिकारशास्त्रावर संशोधन करणाऱ्या बाईंनी प्राध्यापकपदासाठी दिलेल्या यादीतले अर्धे शोधनिबंध दुसऱ्याच बाईचे आहेत, असा आरोप. सोबत इंटरनेटवरून काढलेलं पान होतं. त्यावर ते निबंध खरंच वेगळ्या नावानं, वेगळ्या आडनावानं. निवड समितीलाही प्रत गेली होती. आमचा अहवाल येईपर्यंत बाईंची नेमणूक थांबली.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए.ची पदवी मी चौकट करून भिंतीवर लावली आहे. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावणाऱ्याची मला चीड. त्यामुळे बाईंना ठाण्यात बोलावलं ते कडक चेहऱ्यानंच. जबाब लिहायला महिला हवालदार बसल्या.

"ही दुसरी बाई कोण?"

"मीच, सर. लग्नाआधीची."

"पुरावा?"

बाईंनी होते तेवढे कागद टेबलावर मांडले. लग्नात नाव, आडनाव दोन्ही बदललं. पदवी जुन्या नावाची, आधार कार्ड नव्या नावाचं. राजपत्रात नोंद नाही, विवाह नोंदणी नाही. सहकाऱ्यांचे जबाब बाईंच्या बाजूचे होते, पण समितीला कागद हवा होता.

"आरोपी तीन-तीन नावं घेऊन फिरतात साहेब," हवालदार पुटपुटल्या, "पण त्यायचे कागद पक्के राहतात!"

मी बाईंना विचारलं, या जुन्या निबंधांचं एवढं काय? म्हणाल्या, "सर, तुमच्या तपासाचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यातला अधिकारी देतो ना, तसे जगभरचे संशोधक आमच्या निबंधांचे दाखले देतात. त्यावरूनच आमची किंमत ठरते. माझ्या पहिल्या निबंधाला सगळ्यात जास्त दाखले आहेत. तो गेला तर माझी दहा वर्षं गेली."

दुपारी जेवायला घरी गेलो. ताट समोर, हात तसाच.

"काहून असे बसून राहिले?" बायकोनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती खळखळून हसली.

"तुमी बी तं तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून माह्यं नाव बदलवलं. अन् आता त्या बाईले पुरावा मागून राहिले? ताटाचा फोटो काढत नाई का लग्नात?"

मी अर्ध्या जेवणावरून उठलो आणि बाईंच्या वडिलांना काटोलला फोन लावला. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसनं आले. काखेत लग्नाचा अल्बम, हातात संत्र्यांची पिशवी.

"काका, संत्री परत न्या. ठाण्यात चालत नाही."

"लाच नाई जी, घरच्या बागेतली हायेत."

"तरी परत न्या."

अल्बमच्या पहिल्या पानावर लग्नपत्रिका चिकटवलेली होती. त्यात जुनं नाव. मधल्या पानावर फोटो. नवरी लाजून खाली बघते आहे आणि समोरच्या तांदळात नवं नाव स्वच्छ लिहिलेलं. दोन पंच बोलावले. समोरचा झेरॉक्सवाला पंच म्हणून सही करताना म्हणाला, "नवरदेवाचं अक्षर मात्र फर्स्टक्लास हाय!" अल्बम पंचनाम्यानं ताब्यात घेतला, अहवाल पाठवला. अर्ज निकाली, नेमणूक पक्की.

पुढची गंमत बाईंनीच फोनवर सांगितली. या भानगडीत त्यांनी इंटरनेटवरच्या आपल्या जुन्या-नव्या नावाच्या दोन्ही नोंदी जोडून घेतल्या. आतापर्यंत संगणक त्यांना दोन बायका समजत होता. आता सगळे दाखले एका नावावर आले आणि बाई संस्थेत सगळ्यांच्या पुढे गेल्या. "सर, अर्ज करणारा सापडला तर त्याला माझ्याकडून पेढे द्या!"

मी एक शिकलो. चौकशीला बसताना चेहरा कडक ठेवायला हरकत नाही, मत मोकळं ठेवावं. आणि जी गोष्ट आपण स्वतः आपल्या बायकोच्या बाबतीत केली, ती दुसरीच्या बाबतीत संशयास्पद वाटली, याची थोडी लाज बाळगावी.

वडील अल्बम न्यायला आले तेव्हा फाईलमध्ये तो पहिला निबंध होता. "ह्याच्यात काय हाय जी?" त्यांनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी म्हटलं, "तुमच्या मुलीचं काम आहे, काका. जर्मनी, जपानच्या लोकांनी याचे दाखले दिलेत. हे तिचं नाव. आणि हे मधलं, हे तुमचं."

त्यांनी त्या अक्षरांवर सावकाश बोट फिरवलं.

"मंजे मी बी जपानले जाऊन आलो की जी!"